सुस्थितीतील दाखला बदलून मिळणेबाबत

आमच्या मुलुंडच्या घरात बाबांनी लॅमिनेट केलेला नाही असा कागद फारसा उरला नव्हता. रेशनकार्ड, माझं लसीकरणाचं कार्ड, केव्हाच भंगारात गेलेल्या मिक्सरचं गॅरंटी कार्ड, आईने स्वतःच्या हाताने लिहिलेलं चकलीच्या भाजणीचं प्रमाण, सगळं प्लॅस्टिकच्या आत. आई म्हणायची, "मी जरा वेळ एका जागी बसले ना, तर मलाही करून आणतील." बाबा विमा कंपनीत क्लेमच्या टेबलावर होते. लोक तिथे भिजलेले, फाटलेले, उंदरांनी कुरतडलेले कागद घेऊन येत आणि बाबांना त्यांना परत पाठवावं लागे. संध्याकाळी घरी आल्यावर पाय धुता धुता ते सांगत, "माणूस खरा होता गं, पण कागद वाचता येईना." त्या माणसासाठी करता येण्यासारखं काही नसायचं, मग घरातला एखादा कागद उचलून ते कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे जात.

बारावीचा निकाल लागल्यावर आम्ही दोघं माझ्या ज्युनिअर कॉलेजात जाऊन मार्कशीट आणि लिव्हिंग घेऊन आलो. लिव्हिंग म्हणजे कॉलेज सोडल्याचा दाखला. घरी येताना बाबा "दोन मिनिटं हं" म्हणून झेरॉक्सच्या दुकानात वळले. रस्त्यापलीकडे मला शाळेतली एक मैत्रीण दिसली. तिच्याशी बोलून मी परत येईपर्यंत दोन्ही कागद मशीनमधून बाहेर पडले होते. बाबांनी दाखला माझ्या हातात दिला. आत्ताच तळून काढलेल्या पापडासारखा गरम होता. "धर, आता काळजी नाही," ते म्हणाले, आणि कुठे हवेचा फुगा राहिलाय का ते बघायला अंगठ्याच्या नखाने कडा दाबत राहिले. मलाही काही वावगं वाटलं नाही. आमच्याकडे महत्त्वाच्या कागदाचं हेच करतात.

मला मायक्रोबायोलॉजी घ्यायचं होतं. नववीत बाईंनी दह्याचा एक थेंब मायक्रोस्कोपखाली दाखवला होता तेव्हापासून. आमच्या फ्रिजमध्ये एवढी वस्ती आहे आणि मला कोणी सांगितलं नाही, याचा मला तेव्हा रागच आला होता. या विषयाच्या सीट कुठेही थोड्याच असतात. अंधेरीच्या एका कॉलेजच्या दुसऱ्या यादीत माझं नाव लागलं, तेही तळाशी. आईने साखर वाटली. बाबांनी फाईल तयार केली.

कागद तपासायच्या दिवशी काउंटरवर ज्या मॅडम होत्या त्यांचा हात झपाझप चालत होता. आधार, फोटो, मार्कशीट, टिक, टिक, टिक. मार्कशीटच्या प्लॅस्टिककडे त्यांनी नुसतं बघितलं. "हे तुझ्याकडेच राहणार, चालेल." मग दाखला हातात घेतला आणि थांबल्या. उलटा केला, सुलटा केला.

"हे कोणी केलं?"

"मी," बाबा म्हणाले. कोणी कौतुक केल्यावर म्हणतात तसं.

मॅडमनी शिक्का उचलला, दाखल्याच्या पाठीवर मारला आणि बोट फिरवलं. निळी शाई बोटाबरोबर निघून आली. "शिक्का बसत नाही. सही उमटत नाही. लिव्हिंग आमच्याकडे जमा होतं, त्यावर अ‍ॅडमिशन दिल्याची नोंद करावी लागते, मग ते फाईलला लागतं. ओरिजिनल द्या."

"हेच ओरिजिनल आहे."

"हे ओरिजिनल होतं," मॅडम म्हणाल्या.

त्या वाईट नव्हत्या. मागे रांग होती. जुन्या कॉलेजातून दुसरं लिव्हिंग आणा, एवढंच त्यांनी सांगितलं. तोवर अ‍ॅडमिशन प्रोव्हिजनल. शनिवारी दुपारी बारापर्यंत आणलं नाही तर सीट वेटिंगवरच्या मुलीला जाईल. "आठवडाभर ओरिएंटेशन आहे, त्याला येऊन बस. त्याला काही लागत नाही." मला आयकार्डाऐवजी 'प्रोव्हिजनल' लिहिलेली गुलाबी चिठ्ठी मिळाली. परतीच्या मेट्रोत घाटकोपरपर्यंत मी बाबांशी एक शब्द बोलले नाही. ते मांडीवर फाईल घेऊन बसले होते आणि फाईललाही प्लॅस्टिकचं कव्हर होतं.

घरी आईने इस्त्री काढली. तिचं म्हणणं, उष्णतेने चिकटलंय तर उष्णतेनेच सुटेल. वर सुती कापड ठेवून तिने एका कोपऱ्यावर अलगद इस्त्री फिरवली आणि प्लॅस्टिकचं टोक धरून ओढलं. प्लॅस्टिक सुटलं, पण त्याच्याबरोबर कॉलेजच्या बोधचिन्हाचा अर्धा दिवाही निघून आला. आईने लगेच इस्त्री बाजूला ठेवली. "अति तिथे माती," ती म्हणाली. हे बाबांच्या लॅमिनेशनबद्दल होतं की स्वतःच्या इस्त्रीबद्दल, हे विचारायचं धाडस आम्हा दोघांनाही झालं नाही.

तर अशा अवस्थेत मी ओरिएंटेशनला गेले. आता शेजारपाजारची मुलं कॉलेजात जाताना मला विचारतात, ताई, पहिल्या आठवड्यात काय असतं गं. मी सांगते, बसायचं असतं. मोठ्या हॉलमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या असतात, पंखा नेमका दोन रांगा सोडून पुढे असतो. प्राचार्य म्हणतात की हे कॉलेज म्हणजे एक कुटुंब आहे आणि पुढच्याच वाक्यात सांगतात की हजेरी पंचाहत्तर टक्क्यांच्या खाली गेली तर परीक्षेला बसू देणार नाही. रॅगिंगविरोधी समितीचे सर येतात, लायब्ररीच्या बाई येतात, एनएसएसची मुलं येऊन टाळ्या वाजवायला लावतात. मेजर काय, मायनर काय, क्रेडिट किती, हे एक सर फळ्यावर बाण काढून समजावतात आणि शेवटी सगळे बाण एकमेकांत गुंततात. घाबरायचं कारण नाही, ते कोणालाच पहिल्या दिवशी कळत नाही. मग कोणीतरी मोबाईलवर हे क्रेडिट जमा व्हायचं सरकारी खातं उघडायला सांगतं, सगळ्या हॉलला एकदम ओटीपी हवा असतो आणि तो कोणालाच येत नाही. ओळखी होतात त्या तिथेच.

माझी तशीच झाली. शेजारच्या खुर्चीवर चारकोपची एक मुलगी होती. माझा फोन बघून म्हणाली, "तुझा पण नाही आला ना? बरं झालं यार, मला वाटलं माझंच नशीब फुटकं." तिच्या गळ्यात नवंकोरं आयकार्ड होतं. माझ्या गळ्यात काही नाही हे तिच्या लक्षात आलं, तेव्हा मी गुलाबी चिठ्ठी दाखवली आणि सगळी हकीकत सांगितली. ती इतकी हसली की पुढच्या रांगेतल्यांनी मागे वळून बघितलं. मग तिने माझं तोंड बघितलं आणि हसायची थांबली.

"म्हणजे शनिवारी तुझी वाट लागणार?"

"हो."

"मग हरवलं म्हणून सांग ना. माझ्या दादाचं खरंच हरवलेलं, त्याला दुसरं दिलं. सिंपल."

ते तसं सिंपल होतं, हे संध्याकाळी बाबांनीही सांगितलं. ते ऑफिस सुटल्यावर धावतपळत माझ्या जुन्या कॉलेजच्या कार्यालयात जाऊन आले होते. नियम एकच होता. दाखल्याची दुय्यम प्रत मिळते, पण दाखला हरवला असेल तरच. पोलिसात तक्रार, 'हरवला' असं प्रतिज्ञापत्र, की काम झालं. खिडकीवरच्या माणसाने हळू आवाजात सुचवलंही होतं, हरवला म्हणून लिहा साहेब, सगळे लिहितात.

"मग लिहिलंत ना?" मी विचारलं.

"कसं लिहिणार? हरवलेला नाहीये. माझ्या बॅगेत आहे."

मी आधी ही थट्टा समजले. पण बाबा थट्टा करताना चष्मा काढतात आणि चष्मा डोळ्यांवरच होता. ते म्हणाले, खोटं प्रतिज्ञापत्र जोडलेले क्लेम मी रोज बाजूला काढतो. त्या लोकांपुढे कोणत्या तोंडाने बसू? मी म्हणाले, तुम्ही चोरी नाही करत आहात, एक शब्द लिहायचाय. ते म्हणाले, शब्दच लिहायचा असतो गं, प्रत्येक वेळी. मग मात्र माझा तोल सुटला. दाखला प्लॅस्टिकमध्ये घालताना मला विचारलं नाहीत, आता माझी सीट तुमच्या तत्त्वांपायी घालवताय, आणि वेटिंगवरची जी कोण आहे ती उद्या तुमच्या नावाने पेढे वाटेल, असं बरंच काही मी बोलले. ते सगळं मला आजही बरोबरच वाटतं. आई कोणाच्याच बाजूने बोलली नाही. तिने कुकर लावला आणि नेहमीपेक्षा जास्त शिट्ट्या होऊ दिल्या.

पुढच्या दिवशी आम्हाला लॅब दाखवायला नेलं. मला वाटतं, ते नेलं नसतं तर मी एवढी हट्टाला पेटले नसते. लांब काळे ओटे, प्रत्येकापुढे गॅसची बारीक तोटी, भिंतीशी इन्क्युबेटर, आणि सगळीकडे उकडलेल्या बटाट्यासारखा एक वास. तो माध्यमाचा वास, ज्यावर जंतू वाढवतात, असं लॅबच्या मॅडमनी सांगितलं. त्यांनी एक काचेची बशी उजेडात धरली. आत शेंदरी ठिपके होते, टिकलीपेक्षा लहान. "ही तुमच्या त्या हॉलच्या हवेतली मंडळी. काल तुम्ही जांभया देत होतात तेव्हाची," त्या म्हणाल्या. सगळे हसले आणि मला एकदम रडू आलं. मला इथेच यायचं होतं आणि मी इथे उभी होते, फक्त शनिवारपर्यंत.

ओट्याखाली प्रत्येकाला एक ड्रॉवर होता, अ‍ॅप्रन आणि सामान ठेवायला. मॅडमनी कागदी पट्ट्या वाटल्या. नाव लिहा, ड्रॉवरवर चिकटवा, हा तीन वर्षं तुमचा. चारकोपवालीने माझा हात धरून मला तिच्या शेजारच्या ड्रॉवरपाशी उभं केलं. "हा तुझा. मी अनोळखी पोरीबरोबर नाही उभी राहणार हां." मी पट्टी चिकटवली, पण कोरी. तिने ते बघितलं आणि पट्टीचा सुटलेला कोपरा स्वतःच दाबून बसवला.

त्या रात्री बाबांनी जेवण झाल्यावर टेबल पुसून घेतलं आणि फुलस्केप कागदावर अर्ज लिहिला. बाबांचं अक्षर छापल्यासारखं आहे. मी बोलत नव्हते म्हणून त्यांनी तो आईला वाचून दाखवला, मला ऐकू जाईल अशा आवाजात. वरती विषय लिहिला होता: सुस्थितीतील दाखला बदलून मिळणेबाबत. मजकूर असा होता. 'महोदया, वरील विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, माझ्या मुलीस आपल्या कनिष्ठ महाविद्यालयाने दिलेला दाखला हरवलेला, फाटलेला अथवा भिजलेला नाही. तो सुस्थितीत आहे. किंबहुना तो आवश्यकतेपेक्षा अधिक सुस्थितीत असल्याने त्यावर शिक्का बसत नाही. सदर कृत्य अर्जदाराने स्वतः, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, काळजीपोटी केले आहे. मुलीचा यात दोष नाही. एका कोपऱ्यास इस्त्रीमुळे इजा झाली आहे, ती नंतरची.'

"इस्त्री कशाला घातलीत मध्ये?" आई म्हणाली.

"खरं आहे ना."

मला हसायचं नव्हतं. मी उशीत तोंड घातलं. हा अर्ज वाचून कोणी दाखला देईल यावर माझा काडीचा विश्वास नव्हता.

शुक्रवारी बाबांनी हाफ डे टाकला आणि मी ओरिएंटेशनचा योगाचा तास बुडवला. माझ्या जुन्या कॉलेजात उपप्राचार्य मॅडमच्या केबिनबाहेर आम्ही बाकावर बसलो. दोन वर्षं ज्या बाकावर मला उशीर झाला म्हणून बसवायचे, तोच. आत गेलो तेव्हा मॅडम फोनवर होत्या. फोन ठेवून त्यांनी अर्ज वाचायला घेतला. दुसऱ्या परिच्छेदाला त्यांच्या भुवया वर गेल्या. इस्त्रीपाशी पोचल्या आणि त्यांना हसू आवरेना. चष्मा काढून डोळे पुसले.

"हरवला म्हणणारे माझ्याकडे दर आठवड्याला येतात," त्या म्हणाल्या. "निम्म्यांचा घरात कुठेतरी असतो, हे मलाही माहीत असतं. सांभाळला म्हणून कोणी आलेलं नाही आजपर्यंत." मग त्यांनी नियम पुन्हा वाचला, मोठ्याने, आणि म्हणाल्या, हरवला तर दुय्यम प्रत द्यावी असं लिहिलंय. जुना परत आणून दिला तर देऊ नये, असं काही लिहिलेलं नाही. "जुना जमा करा. मी तो रद्द करते आणि तुम्हाला दुसरा देते. पण रद्द करायचा तर मला त्यावर रद्दचा शिक्का मारावा लागेल."

क्षणभर आम्ही तिघंही दाखल्याकडे बघत राहिलो. त्यावर कुठलाच शिक्का बसत नव्हता, रद्दचासुद्धा.

मॅडमनी ड्रॉवरमधून कात्री काढली. बाबा पुढे झाले. "मी कापू का?"

त्यांनी दाखला दोन्ही हातांनी धरला, अगदी मधोमध, आणि कात्री लावली. कात्री पुढे सरकेना. त्यांना जोर लावावा लागला, मनगट वाकडं करून, दोनदा थांबून. शेवटी दोन तुकडे झाले, ते त्यांनी एकावर एक नीट रचून मॅडमपुढे ठेवले. "पक्कं केलं होतं हो," ते म्हणाले. तेवढ्यानेच माझा सगळ्या आठवड्याचा राग कुठल्या कुठे गेला. मला त्यांचा हात धरावासा वाटला. मी त्यांच्या हातातली कात्री घेतली आणि मॅडमना परत दिली.

नवा दाखला संध्याकाळी मिळाला. वर तांबड्या अक्षरांत 'दुय्यम प्रत' आणि खाली शेरा: मूळ दाखला जमा करून घेतला. बाबांनी तो साध्या कागदी पाकिटात ठेवला, पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि वर्तमानपत्र कशातच घातलं नाही. झेरॉक्सच्या दुकानावरून जाताना आतून हाक आली, "काय साहेब, काही आहे का?" बाबांनी न थांबता मान हलवली. मी मात्र त्यांच्या आणि दुकानाच्या मधून चालत होते. काय नेम सांगावा.

शनिवारी काउंटर उघडायच्या आधीच आम्ही अंधेरीला पोचलो होतो. त्याच मॅडम. त्यांनी दाखला घेतला, कागदाचा कोपरा दोन बोटांत चोळून बघितला, बाबांकडे एकदा बघितलं आणि शिक्का मारला. धप्प. मग बोट फिरवलं. शाई होती तिथेच राहिली. त्यांनी सही केली, पंचिंग मशीनमध्ये घालून दोन भोकं पाडली तेव्हा बाबांनी डोळे मिटून घेतले, आणि दाखला इतर सगळ्यांच्या दाखल्यांवर फाईलला लागला. माझा जीव भांड्यात पडला. इतकं हलकं मला निकालाच्या दिवशीही वाटलं नव्हतं. निकाल माझ्या हातात होता, हे नव्हतं.

"आयकार्ड घेऊनच जा," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या पाठीमागच्या टेबलावर एक छोटं मशीन घुरघुरत होतं. त्यात एका बाजूने माझा फोटो असलेला कागद गेला आणि दुसऱ्या बाजूने प्लॅस्टिकमध्ये बंद होऊन बाहेर आला. बाबांनी मशीनकडे बघितलं, मग मॅडमकडे. मॅडमनी शिस्तीत दुसरीकडे बघितलं. मी कार्ड बाबांच्या हातात दिलं. "धरा, गरम आहे." त्यांनी कडा दाबून बघितल्या, उजेडात धरून फुगे शोधले आणि मला परत दिलं. "चांगलं केलंय," ते म्हणाले, आणि चष्मा काढला.

सोमवारी पहिलं प्रॅक्टिकल होतं. चारकोपवाली आधीच येऊन उभी होती. माझं आयकार्ड बघून तिने पाठीत असा दणका घातला की माझ्या हातातला अ‍ॅप्रन पडला. मी पेन काढून ड्रॉवरवरच्या कोऱ्या पट्टीवर नाव लिहिलं. ओल्या हाताने ड्रॉवर उघडला की शाई पसरणार, हे दिसतच होतं. मी मॅडमच्या टेबलावरून सेलोटेप आणली, नावावर लावली आणि फुगे जाईपर्यंत अंगठ्याच्या नखाने दाबत राहिले.